क्यूबा-प्रवासावरील अमेरिकन निर्बंध : स्वरूप व घटनात्मक आधार

१. प्रश्नाचे स्वरूप

नागरिकाने कोणत्या देशात जावे व कोणत्या देशात जाऊ नये हे ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेस आहे काय, आणि असल्यास तो तिने कोणत्या साधनाने बजावावा, हा घटनाशास्त्रातील एक विवाद्य प्रश्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९६१ पासून क्यूबाच्या बाबतीत जे धोरण अवलंबिले, त्याच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही अंगे स्पष्टपणे दृष्टीस पडतात. फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिणेकडील की वेस्ट बेटापासून क्यूबाचा किनारा अवघा नव्वद मैल दूर आहे. १९५९ च्या क्रांतीपूर्वी हवाना हे अमेरिकन प्रवाशांचे सुटी घालविण्याचे नेहमीचे ठिकाण होते. पुढे दोन वर्षांच्या आतच हा शेजार कायद्याच्या दृष्टीने अतिशय दूरचा होऊन बसला.

अमेरिकन नागरिकास क्यूबास जाण्याची कायद्याने मनाई आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. काटेकोरपणे पाहता हे विधान बरोबर नाही. नागरिकाने क्यूबाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असे आजचे अमेरिकन विनियम कोठेही म्हणत नाहीत. त्यांनी मना केला आहे तो आर्थिक व्यवहार. तिकीट काढणे, खोली भाड्याने घेणे, जेवणाचे पैसे देणे, टॅक्सी करणे या साऱ्या गोष्टी क्यूबाचा हितसंबंध असलेल्या मालमत्तेशी केलेले व्यवहार ठरतात व परवान्यावाचून त्या करणे हा अपराध होतो. जाण्यास बंदी नाही, परंतु गेल्यावर एक पैसाही खर्च करता येत नाही, अशी ही योजना आहे.

ही योजना कशी निर्माण झाली, न्यायालयांनी ती कोणत्या कारणास्तव मान्य केली आणि तिच्या अंमलबजावणीत कोणती विसंगती राहून गेली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या निर्बंधांचे समर्थन पैशाच्या आधारावर केले जाते, परंतु त्यांचा अंमल मात्र प्रवाशाच्या हेतूची परीक्षा करून होतो, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

२. पारपत्राचा मार्ग

अमेरिकेने ३ जानेवारी १९६१ रोजी क्यूबाशी राजनैतिक संबंध तोडले. त्यानंतर १६ जानेवारी रोजी परराष्ट्रखात्याने असे जाहीर केले की, विशेष शेरा मिळविल्याखेरीज कोणतेही अमेरिकन पारपत्र क्यूबाच्या प्रवासासाठी ग्राह्य धरले जाणार नाही. निर्बंधाचे पहिले साधन अशा रीतीने पारपत्र हे होते.

या वेळी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयासमोर पारपत्राचा प्रश्न नवीन नव्हता. रॉकवेल केंट या चित्रकाराने आपल्या कम्युनिस्ट संबंधांविषयी प्रतिज्ञापत्र देण्याचे नाकारले म्हणून त्यास पारपत्र देण्यात आले नाही. त्याच्या खटल्यात न्यायालयाने १९५८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, प्रवासाचा हक्क हा पाचव्या घटनादुरुस्तीने रक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि एखाद्या व्यक्तीची मते पाहून पारपत्र नाकारण्याचा अधिकार काँग्रेसने परराष्ट्रमंत्र्यास दिलेला नाही. बहुमताचे निर्णयपत्र न्यायमूर्ती डग्लस यांचे होते. पुढे १९६४ मध्ये ॲप्थेकर खटल्यात, कम्युनिस्ट संघटनांच्या सभासदांना पारपत्र नाकारणारे १९५० च्या अधिनियमातील कलमच घटनाबाह्य ठरविण्यात आले. या दोन निर्णयांमुळे प्रवासाच्या हक्काची बाजू बळकट झाल्याचे दिसत होते.

या पार्श्वभूमीवर १९६५ मध्ये झेमेल विरुद्ध रस्क हा खटला निर्णयास आला. कनेक्टिकट राज्यातील झेमेल नावाच्या नागरिकाने क्यूबास जाण्याची अनुमती मागितली होती. तेथील परिस्थितीविषयीचे आपले कुतूहल शमवावे व अधिक जाणता नागरिक व्हावे, एवढेच कारण त्याने दिले होते. मुख्य न्यायाधीश वॉरन यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. केंट खटल्याशी या खटल्याचा भेद त्यांनी पुढीलप्रमाणे दाखविला : केंट यास त्याच्या मतांमुळे अडविले होते, झेमेल यास मात्र मतांमुळे नव्हे, तर जावयाच्या स्थळामुळे अडविले आहे. सर्व नागरिकांना सारखाच लागू होणारा व परराष्ट्र धोरणाच्या निकडीतून निघालेला असा हा निर्बंध असल्यामुळे १९२६ च्या पारपत्र अधिनियमाने दिलेल्या अधिकारात तो बसतो, असे न्यायालयाने ठरविले.

झेमेल याने पहिल्या घटनादुरुस्तीचाही आधार घेतला होता. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मत बनविता येत नाही, यास्तव पाहण्याचा हक्क हा विचारस्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. बोलण्याच्या व छापण्याच्या हक्काबरोबर माहिती गोळा करण्याचा अनिर्बंध हक्क येत नाही, असे उत्तर न्यायालयाने दिले. न्यायमूर्ती ब्लॅक, डग्लस व गोल्डबर्ग हे या निर्णयाशी सहमत नव्हते. हा मुद्दा पुढे विद्याव्यासंगाच्या संदर्भात पुन्हा उपस्थित व्हावयाचा होता, म्हणून तो येथे लक्षात ठेवला पाहिजे.

झेमेल खटल्याने सरकारची बाजू मान्य झाली खरी, परंतु त्या साधनाचा दुबळेपणाही लवकरच उघडकीस आला. लॉब खटल्यातील आरोपींनी ५८ अमेरिकन नागरिकांचा क्यूबा-प्रवास घडवून आणला होता. या सर्वांपाशी इतर देशांसाठी ग्राह्य असलेली पारपत्रे होती, केवळ क्यूबासाठीचा शेरा नव्हता. १९६७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शेऱ्याविना असा प्रवास करणे हा १९५२ च्या अधिनियमाखाली गुन्हा होत नाही. त्याच वर्षी अपील न्यायालयाने हानोईस जाऊन आलेल्या इतिहासकार स्टॉटन लिंड यांच्या प्रकरणात निर्णय दिला. परराष्ट्रमंत्र्यास पारपत्राच्या उपयोगावर नियंत्रण ठेवता येईल, परंतु पारपत्र न वापरता नागरिक कोठे जातो यावर नियंत्रण ठेवता येणार नाही, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते. क्यूबाच्या अधिकाऱ्यांना अमेरिकन पारपत्रावरील शेऱ्याची मातब्बरी वाटण्याचे कारणच नव्हते. यामुळे पारपत्रावरील निर्बंध कागदोपत्री कायम राहिला, तरी त्याचा धाक उरला नाही.

३. पैशाचा मार्ग

निर्बंधाचे दुसरे साधन तोवर तयार झालेले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाशी होणाऱ्या व्यापारावर बंदी घातली आणि ८ जुलै १९६३ रोजी अर्थखात्याने 'क्यूबन मालमत्ता नियंत्रण विनियम' जारी केले. या विनियमांचा मूलाधार म्हणजे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, संमत झालेला 'शत्रूशी व्यापार' अधिनियम होय. जर्मनीशी चाललेल्या युद्धासाठी केलेल्या या कायद्याने राष्ट्राध्यक्षास परकीय मालमत्तेच्या व्यवहारांवर व्यापक अधिकार दिले होते. पुढे दुरुस्त्यांनी हे अधिकार राष्ट्रीय आणीबाणीच्या काळातही वापरता येऊ लागले. क्यूबाशी युद्ध कधीच पुकारले गेले नाही, परंतु त्या देशाशी होणारे प्रवाशाचे व्यवहार मात्र शत्रूशी होणाऱ्या व्यापाराच्या कायद्याखाली आले.

या विनियमांतील 'व्यवहार' या संज्ञेची व्याप्ती विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. एके काळी 'पूर्णतः पाहुणा' या नात्याने, म्हणजे स्वतः काहीही खर्च न करता, क्यूबास जाऊन येणाऱ्यास या विनियमांतून सूट होती. २००४ मध्ये ही सवलत काढून टाकण्यात आली. क्यूबात वस्तू वा सेवा विनामूल्य स्वीकारणे हादेखील निषिद्ध व्यवहारच होय, असा अर्थ आता विनियमांतच नमूद केलेला आहे. यजमानाने वाढलेले फुकटचे जेवणही या व्याख्येनुसार मालमत्तेचा व्यवहार ठरते. जाण्यावर बंदी व खर्चावर बंदी यांतील भेद अशा रीतीने व्यवहारात जवळजवळ नाहीसा होतो. कायद्याच्या भाषेत तो शिल्लक राहिला आहे, आणि घटनात्मक दृष्ट्या तेच महत्त्वाचे ठरले.

१९७७ हे वर्ष या इतिहासात निर्णायक आहे. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दीत पारपत्रावरील निर्बंधाची मुदत संपू देण्यात आली आणि अर्थखात्याने प्रवासखर्चास सर्वसाधारण परवाना दिला. त्याच वर्षी काँग्रेसने 'शत्रूशी व्यापार' अधिनियमाचा उपयोग प्रत्यक्ष युद्धकाळापुरता मर्यादित केला व शांततेच्या काळासाठी 'आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार' हा निराळा अधिनियम केला. मात्र १ जुलै १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जे अधिकार वापरीत होते, ते तसेच चालू ठेवण्याची मुभा ठेवण्यात आली. दर वर्षी राष्ट्राध्यक्ष राष्ट्रहिताचे कारण दाखवून या अधिकारांची मुदत एकेक वर्षाने वाढवीत आले आहेत. पुढील वर्षी, १९७८ मध्ये, काँग्रेसने पारपत्र अधिनियमातही दुरुस्ती केली. शांततेच्या काळात एखादा देश पारपत्रासाठी वर्ज्य करावयाचा असल्यास त्या देशाशी युद्ध चालू असले पाहिजे, तेथे सशस्त्र संघर्ष चालू असला पाहिजे, अथवा अमेरिकन प्रवाशांच्या आरोग्यास वा शारीरिक सुरक्षिततेस तेथे नजीकचा धोका असला पाहिजे, असे बंधन सरकारवर आले.

पारपत्राचा मार्ग अशा रीतीने अरुंद करण्यात आला, पैशाचा मार्ग मात्र मोकळा राहिला. पहिल्या मार्गाचे ताजे उदाहरण उत्तर कोरियाचे आहे. तेथे अटकेत असलेला एक अमेरिकन विद्यार्थी मायदेशी परतल्यावर मरण पावला. त्यानंतर १ सप्टेंबर २०१७ पासून त्या देशासाठी अमेरिकन पारपत्र अग्राह्य ठरविण्यात आले, आणि त्याचे कारण प्रवाशांची सुरक्षितता हे दिले गेले. क्यूबाबाबत असे कारण पुढे करणे सरकारला सोयीचे नव्हते, कारण प्रवाशाच्या जीवितास धोका आहे असे तेथे कोणी म्हणत नव्हते.

४. रेगन विरुद्ध वाल्ड

एप्रिल १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने प्रवासखर्चाचा सर्वसाधारण परवाना मागे घेतला. सरकारी कामकाज, वृत्तसंकलन, व्यावसायिक संशोधन आणि निकटच्या आप्तांची भेट एवढ्याच प्रयोजनांसाठी तो चालू राहिला. सामान्य प्रवाशास क्यूबाचे दार त्यामुळे पुन्हा बंद झाले. या निर्णयाविरुद्ध रूथ वाल्ड व इतर नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली.

त्यांचा पहिला आक्षेप अधिनियमाच्या अर्थासंबंधी होता. १ जुलै १९७७ रोजी प्रवासखर्च मोकळा होता. त्या दिवशी जो अधिकार वापरला जात नव्हता, तो पुढे चालू कसा राहू शकतो, असा हा तर्क होता. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने १९८४ मध्ये त्यास उत्तर दिले. परवाना दिला गेला याचाच अर्थ मूळ मनाई अस्तित्वात होती. परवाना देणे हादेखील त्या अधिकाराचाच वापर होय, व म्हणून १९७७ मध्ये तो अधिकार जिवंत होता, अशी त्यांची विचारसरणी होती. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी विरोधी निर्णयपत्रात असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, राष्ट्राध्यक्षाच्या आणीबाणीच्या अधिकारांना आळा घालण्यासाठी काँग्रेसने जी सुधारणा केली, तिचा हेतूच या अर्थाने निष्फळ होतो.

दुसरा आक्षेप घटनात्मक होता. क्यूबाच्या तिजोरीस परकीय चलन मिळू नये हा परराष्ट्र धोरणाचा हेतू प्रवासखर्चावरील निर्बंधास पुरेसा आधार आहे, असे बहुमताने झेमेल खटल्याच्या अनुरोधाने ठरविले. परराष्ट्र व्यवहारात न्यायालयांनी कार्यकारी सत्तेच्या निर्णयास मान द्यावा, ही भूमिकाही पुन्हा सांगण्यात आली. अशा रीतीने प्रवासाच्या हक्काचा प्रश्न चलनाचा प्रश्न बनला. स्वातंत्र्यावरील निर्बंध म्हणून ज्याची कसून छाननी व्हावयास हवी होती, तो आर्थिक नियमन म्हणून सहज मान्य झाला.

५. आजची नियमव्यवस्था

यानंतरच्या काळात काँग्रेसने या निर्बंधांस स्वतःच्या अधिनियमांचा आधार दिला. फेब्रुवारी १९९६ मध्ये क्यूबाच्या हवाई दलाने मायामीतील एका निर्वासित संघटनेची दोन विमाने पाडली. त्यानंतर संमत झालेल्या हेल्म्स-बर्टन अधिनियमाने व्यापारबंदी कायद्यात ग्रथित केली. पुढे २००० सालच्या व्यापारनिर्बंध सुधारणा अधिनियमाने, केवळ पर्यटनासाठी होणाऱ्या खर्चास परवाना देण्याची मनाई केली. हा अधिनियम विनियमांतील बारा वर्गांच्या बाहेरचा प्रत्येक प्रवास पर्यटन समजतो. तेव्हापासून कोणत्याही राष्ट्राध्यक्षास क्यूबा-पर्यटन आपल्या अधिकारात खुले करता येत नाही. त्यास फार तर बारा वर्गांचा अर्थ सैल वा कडक करता येतो.

हे बारा वर्ग पुढीलप्रमाणे आहेत : कुटुंबीयांची भेट; अमेरिकन वा परकीय सरकारांचे व काही आंतरराष्ट्रीय संघटनांचे कामकाज; वृत्तव्यवसाय; व्यावसायिक संशोधन व व्यावसायिक परिषदा; शैक्षणिक कार्य; धार्मिक कार्य; सार्वजनिक प्रयोग, क्रीडास्पर्धा व प्रदर्शने; क्यूबन जनतेस साहाय्य; मानवतावादी प्रकल्प; खाजगी प्रतिष्ठाने व संशोधन वा शिक्षणसंस्था यांचे कार्य; माहितीची व माहितीपर साहित्याची देवघेव; आणि परवानगी असलेल्या निर्यातीसंबंधीचे काही व्यवहार.

परवाने दोन प्रकारचे आहेत. विशेष परवान्यासाठी अर्थखात्याच्या परकीय मालमत्ता नियंत्रण कार्यालयाकडे अर्ज करून लेखी मंजुरी मिळवावी लागते. सर्वसाधारण परवान्यासाठी अर्ज करावा लागत नाही. विनियमांतील अटी वाचून आपण त्यांत बसतो किंवा नाही हे प्रवाशानेच ठरवावयाचे असते. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात, जानेवारी २०१५ पासून, बाराही वर्गांत सर्वसाधारण परवाने देण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये राजनैतिक संबंध पूर्ववत झाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली.

त्यानंतरच्या बदलांवरून ही व्यवस्था किती अस्थिर आहे याची कल्पना येते. जनसंपर्काच्या शैक्षणिक प्रवासास मार्च २०१६ मध्ये एकट्याने जाण्याची मुभा मिळाली व नोव्हेंबर २०१७ मध्ये ती काढून घेण्यात आली. समूहाने जाण्याची मुभाही जून २०१९ मध्ये रद्द झाली व जून २०२२ मध्ये पुन्हा देण्यात आली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, क्यूबन सरकारच्या वा सत्ताधारी पक्षीयांच्या ताब्यातील निवासस्थानांची एक निषिद्ध यादी तयार झाली. ३० जून २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय ज्ञापनाने पर्यटनबंदीच्या कडक अंमलबजावणीवर व हिशेबतपासणीवर पुन्हा भर दिला. या सर्व कालखंडात मूळ अधिनियमातील एकही शब्द बदललेला नव्हता.

सर्वसाधारण परवान्याचे सुलभ स्वरूप पाहून कोणाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. अर्जाची यातायात वाचते हे खरे, परंतु जबाबदारी सर्वस्वी प्रवाशावर येऊन पडते. प्रवासात काय केले, कोठे राहिले, पैसे कोणास दिले, याची टिपणे व पावत्या त्यास जपून ठेवाव्या लागतात. ही मुदत पूर्वी पाच वर्षांची होती, मार्च २०२५ पासून ती दहा वर्षांची झाली आहे. कार्यालयाने केव्हाही विचारणा केल्यास आपला प्रवास वर्गात बसत होता हे त्यास दाखवावे लागते.

विनियमांनी दिलेल्या उदाहरणांतून ही कसोटी अधिक स्पष्ट होते. 'क्यूबन जनतेस साहाय्य' या वर्गात जाणाऱ्याने खाजगी घरातील खोली भाड्याने घेतली, खाजगी खाणावळीत जेवण केले व स्वतंत्र धंदा करणाऱ्या दुकानदारांकडून खरेदी केली, तरी तेवढ्याने भागत नाही. दिवसाचा पूर्ण वेळ व्यापेल असा स्थानिक लोकांशी अर्थपूर्ण संपर्काचा कार्यक्रम त्याच्यापाशी असला पाहिजे. उलट, भाड्याची सायकल घेऊन रस्ते व समुद्रकिनारे पाहत हिंडणारा, किनाऱ्यावरील विक्रेत्यांशी दोन शब्द बोलणारा व हॉटेलात उतरणारा प्रवासी या वर्गात बसत नाही, असे विनियमच सांगतात.

येथे मूळ विसंगती उघड होते. न्यायालयाने निर्बंध मान्य केला तो क्यूबास चलन मिळू नये या कारणाने. परंतु संशोधकाने दिलेला डॉलर व सायकलवरून हिंडणाऱ्याने दिलेला डॉलर यांत क्यूबाच्या तिजोरीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. खाजगी घरे व निषिद्ध निवासस्थाने यांतील भेद पैशाच्या वाटेशी संबंधित आहे, एवढे मान्य केले पाहिजे. परंतु पूर्ण वेळेच्या कार्यक्रमाची अट पैशाशी संबंधित नाही, ती हेतूशी संबंधित आहे. नागरिक कशासाठी गेला, त्याने दिवस कसा घालविला, त्याचे संभाषण अर्थपूर्ण होते काय, या गोष्टींची चौकशी आर्थिक नियमनाच्या नावाखाली होऊ शकते.

६. कुटुंब आणि विद्याव्यासंग

या व्यवस्थेचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांत क्यूबन वंशाच्या अमेरिकन नागरिकांचा क्रम पहिला लागतो. २००४ च्या उन्हाळ्यात लागू झालेल्या नियमांनी आप्तभेटीची मर्यादा वर्षातून एकदा ऐवजी तीन वर्षांतून एकदा अशी केली, मुक्काम चौदा दिवसांपुरता ठरविला व प्रत्येक भेटीस विशेष परवाना आवश्यक केला. कुटुंबाची व्याख्याही आकुंचित झाली. आईबाप, आजी-आजोबा, भावंडे, पती वा पत्नी, मुले व नातवंडे एवढेच आप्त मानले गेले. काका, मावशी व चुलत-मावस भावंडे यांना त्यात स्थान नव्हते. वडिलांना भेटून आलेल्या मुलास पुढील वर्षी आईच्या अंत्यसमयी जाण्याची सोय या नियमांत नव्हती. २००९ मध्ये हे निर्बंध उठविण्यात आले, परंतु मधली पाच वर्षे ज्या कुटुंबांच्या वाट्यास आली, त्यांना ती परत मिळावयाची नव्हती.

दुसरा भार विद्यापीठांवर पडला. २००४ च्या त्याच नियमांनी क्यूबातील बहुतेक अभ्यासक्रमांची किमान मुदत दहा आठवडे ठेवली, विद्यार्थी त्याच संस्थेत नाव नोंदविलेले असावेत व शिक्षक त्या संस्थेचे कायम पूर्णवेळ नोकर असावेत अशा अटी घातल्या. उन्हाळी सुटीतील लहान अभ्यासक्रम यामुळे बंद पडले. काय शिकवावे, कसे शिकवावे व कोणी शिकवावे हे ठरविण्याच्या शैक्षणिक स्वातंत्र्यावर हे आक्रमण आहे, असे प्रतिपादन अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या बाजूने न्यायालयात करण्यात आले. परंतु हे नियम विचारांवर नसून व्यवहारांवर आहेत, असे सांगून अपील न्यायालयाने २००८ मध्ये ते मान्य केले. झेमेल यास १९६५ मध्ये मिळालेले उत्तर अध्यापकांना त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा ऐकावे लागले. हे नियम २०११ मध्ये सैल झाले.

फ्लॉरिडा राज्याने २००६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. दहशतवादास आश्रय देणारी म्हणून संघराज्य सरकारने यादीत घातलेल्या राष्ट्रांचा प्रवास करण्यासाठी राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा पैसा वापरण्यास त्या राज्याने मनाई केली. क्यूबा त्या वेळी या यादीत होता. संघराज्याचा परवाना असलेल्या संशोधकासही त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा आधार घेता येईना. अध्यापकमंडळाने दिलेले आव्हान अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळले.

याच्या उलट, पुस्तकांविषयी कायदा पुष्कळ उदार आहे. १९८८ च्या बर्मन दुरुस्तीने पुस्तके, नियतकालिके, चित्रपट, ध्वनिमुद्रिका अशा माहितीपर साहित्याची आयात-निर्यात व्यापारबंदीतून मुक्त केली. हवानात छापलेले पुस्तक न्यूयॉर्कच्या वाचकास विकत घेता येते. त्या पुस्तकात वर्णन केलेले शहर मात्र त्याच वाचकास केवळ पाहण्याच्या हेतूने पाहता येत नाही.

निर्बंध एकतर्फी होता असे मात्र नव्हे. क्यूबन सरकारही आपल्या नागरिकांना निर्गमनपत्राखेरीज देश सोडू देत नसे. हे 'पांढरे कार्ड' मिळविण्याची सक्ती जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाली. सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरील नागरिक अनेक दशके आपापल्या सरकारच्या परवान्याची वाट पाहत होते.

७. नियमांची कक्षा व भारतीय कायद्याशी तुलना

हे विनियम केवळ अमेरिकन नागरिकांपुरते मर्यादित नाहीत. अमेरिकेचे नागरिक व रहिवासी, मग ते कोठेही असोत, प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर असलेली प्रत्येक व्यक्ती, तसेच अमेरिकन कंपन्या व त्यांच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील परदेशी संस्था या सर्वांना ते लागू आहेत. अमेरिकेतील विद्यापीठात शिकण्यासाठी गेलेला पुण्याचा वा नागपूरचा विद्यार्थी भारतीय पारपत्र बाळगीत असला, तरी तेथे राहत असताना त्याने मेक्सिकोमार्गे क्यूबास जाऊन केलेला खर्च या विनियमांच्या कक्षेत येतो. भारतातून थेट जाणाऱ्या भारतीय नागरिकास मात्र केवळ क्यूबाच्या व्हिसाची चिंता असते. ब्रिटिश वा युरोपीय पारपत्र घेतलेल्या मराठी कुटुंबांवर या धोरणाची छाया निराळ्या प्रकारे पडते. १२ जानेवारी २०२१ रोजी क्यूबाचे नाव पुन्हा दहशतवादविषयक यादीत आले. त्या दिवसापासून पुढे क्यूबास भेट दिलेल्या अशा प्रवाशास अमेरिकेत व्हिसावाचून प्रवेश मिळण्याची सवलत राहत नाही, त्यास रीतसर व्हिसा काढावा लागतो.

भारतीय कायद्याचा विकास याच काळात झाला आहे. १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉनी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, परदेशगमनाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे व कायद्याच्या आधारावाचून सरकारला पारपत्र नाकारता येत नाही. त्याच वर्षी संसदेने पारपत्र अधिनियम केला. १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने, कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व त्यास जोडले.

या अधिनियमाच्या कलम १९ नुसार केंद्र सरकारला अधिसूचनेने एखादा देश पारपत्रासाठी वर्ज्य करता येतो. त्यास कारणे ठरलेली आहेत : त्या देशाचे भारतावर आक्रमण, आक्रमकास त्याचे साहाय्य, तेथे चालू असलेला सशस्त्र संघर्ष, अथवा तेथील प्रवासामुळे भारताच्या परराष्ट्र व्यवहारास पोहोचणारी गंभीर बाधा. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिका भारतीय पारपत्रावर वर्ज्य होता, हे जुन्या पिढीस आठवत असेल. येमेनच्या बाबतीत २०१७ मध्ये संघर्षाच्या कारणाने असा निर्बंध घालण्यात आला. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात प्रवासावर पैशाच्या मार्गाने येणारे बंधनही भारतीयांनी अनुभवले आहे. शिक्षण, औषधोपचार, व्यापार अशी प्रयोजने पाहून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चलन दिले जाई. परंतु तेथे चलन वाचविणे हाच खरा हेतू होता, विशिष्ट देश दृष्टीआड करणे हा नव्हता.

दोन्ही देशांतील पारपत्राच्या निर्बंधात एक गुण आहे. तो उघड असतो, त्याची कारणे अधिनियमात लिहिलेली असतात, आणि तो अवाजवी वाटल्यास नागरिकास प्रवासाचा हक्क म्हणूनच त्यास आव्हान देता येते. चलननियमनाच्या रूपाने आलेल्या निर्बंधात ही सोय राहत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अमेरिकन न्यायालयांनी प्रवासाचा हक्क तत्त्वतः कधीच नाकारलेला नाही, परंतु परराष्ट्र धोरणाचा प्रश्न पुढे येताच त्यास दुय्यम स्थान दिले आहे. दुसरी, पारपत्राचे साधन अपुरे पडल्यावर पैशाचे साधन पुढे आले आणि त्याबरोबर हक्काच्या मर्यादेची चर्चा मागे पडली. तिसरी, चलनाच्या कारणासाठी मान्य झालेला अधिकार प्रत्यक्षात हेतूची परीक्षा घेण्यासाठी वापरला जात आहे, व त्या परीक्षेत केवळ पाहण्याची इच्छा हे पुरेसे कारण समजले जात नाही.

झेमेल याने १९६५ मध्ये न्यायालयासमोर जे कारण मांडले, ते आजच्या बारा वर्गांपैकी एकातही बसत नाही. संशोधकास जाता येते, धर्मोपदेशकास जाता येते, खेळाडूस व वार्ताहरासही जाता येते. ज्यास आपल्या सरकारच्या धोरणाविषयी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मत बनवावयाचे आहे, अशा सामान्य नागरिकासाठी मात्र वर्ग नाही. लोकशाहीत परराष्ट्र धोरणाचा अंतिम निर्णय याच नागरिकाच्या मतावर अवलंबून असतो. यामुळे या उणिवेचा विचार केवळ प्रवासाच्या सोयीगैरसोयीचा प्रश्न म्हणून करणे पुरेसे होणार नाही.